भाड्याच्या मोटारीने बालाघाट

आषाढ सरत आला की आमच्या घरात सुटीच्या प्रवासाचा विषय निघतो, आणि निघाल्याबरोबर दोन पक्ष पडतात. वडीलधाऱ्यांस देवदर्शन हवे असते; तरुण मंडळींस नागमोडी रस्ता, दरी, ढग आणि हाती मोटारीचे चाक हवे असते. पूर्वी हा तंटा आगगाडीचे वेळापत्रकच मिटवून टाकीत असे, कारण गाडी जेथे नेईल तेथेच जावे लागे. आता मोटार भाड्याने घेऊन ती स्वतः हाकीत वाटेल तिकडे जाता येते, त्यामुळे वादास सीमाच उरली नाही. ज्या घरांत हा वाद दर वर्षी रंगत असेल त्यांच्याकरिता, दोन्ही पक्षांचे समाधान करील असा एक प्रदेश आम्ही येथे सुचवू इच्छितो. पुण्यामुंबईच्या मंडळींच्या तो सहसा ध्यानात येत नाही. तो प्रदेश म्हणजे बीड जिल्ह्यातील बालाघाटाचा डोंगर, आणि त्याचा नाका म्हणजे मांजरसुंबा.

गाव काही मोठे नव्हे. परंतु धुळे–सोलापूर हा जुना हमरस्ता, म्हणजे पूर्वीचा २११ क्रमांकाचा आणि सांप्रतचा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, आणि अहिल्यानगराकडून जामखेड, पाटोदा, केज यांवरून अंबाजोगाईस जाणारा रस्ता, असे दोन रस्ते येथे एकमेकांस छेदतात. त्यामुळे चहाचा पेला हाती घेऊन येथे उभे राहिले की चारी दिशांस चार निरनिराळ्या प्रकृतीचे मार्ग फुटलेले दिसतात. उत्तरेस घाट उतरून पाली, बिंदुसरेचा तलाव आणि बीड शहर; दक्षिणेस चौसाळा, येरमाळा आणि पुढे येडशीचे रामलिंगाचे रान; पश्चिमेस लिंबागणेश, पाटोदा आणि सौताड्याची दरी; पूर्वेस नेकनूर, केज आणि अंबाजोगाई. ज्यास नकाशा वाचण्याची हौस आहे त्याने या एका ठिकाणी बोट ठेवावे, म्हणजे चार दिवसांचा प्रवास आपोआप आखला जातो.

‘बालाघाट’ हे नावही ऐकण्यासारखे आहे. ‘बाला’ हा फारसी शब्द. त्याचा अर्थ ‘वरचा’. घाटावरचा प्रदेश तो बालाघाट आणि घाटाखालचा तो पाईनघाट. बीड जिल्ह्याचे असेच दोन भाग आहेत: डोंगरमाथ्यावरचा उंच, हलक्या जमिनीचा भाग, आणि खाली गोदावरीच्या काठची काळी, सुपीक गंगथडी. मांजरसुंब्याच्या घाटात या दोहोंची शीव आहे. उत्तरेकडच्या उताराचे पाणी बिंदुसरेतून सिंदफणेस आणि सिंदफणेतून लवकरच गोदावरीस मिळते. दक्षिणेकडचे मांजरा नेते. ती पाटोदे तालुक्यात उगम पावून लातूर, बिदर आणि तेलंगण यांमधून सातशे किलोमीटरांहून अधिक फेरा घेते आणि अखेर त्याच गोदावरीस जाऊन मिळते. डोंगराच्या दोन अंगांस पडलेल्या सरींनी एकाच नदीस पोचण्याकरिता इतके निराळे मार्ग धरावे, हे आमच्या आठ वर्षांच्या पुतणीस इतके आवडले की पुढचे दोन तास ती प्रत्येक ओढ्याकडे बोट दाखवून ‘हा इकडून जाणार की तिकडून?’ असे विचारीत होती.

येथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे निराशा व्हावयास नको. हा सह्याद्री नव्हे. आंबोलीचे धुके, वरंध्याची खोली किंवा बोरघाटाचा थाट येथे नाही. येथील घाट आखूड आहेत. एक संपला की बराच काळ सपाट माळ लागतो आणि मग अकस्मात जमीन फाटून दरी समोर येते. जुलै ते ऑक्टोबर या काळात हा सारा माळ हिरवा असतो. नंतर तो झपाट्याने करडा होतो. हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. केज तालुक्यात धनेगावास मांजरेवर मोठे धरण आहे, परंतु एप्रिल २०१६ मध्ये त्या धरणावर विसंबणाऱ्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले होते. तेव्हा उन्हाळ्यात येथे सहलीस जाण्यात शोभा नाही, आणि ज्या गावांत हंडे रांगेत लागलेले असतात तेथे आपल्या सात माणसांच्या स्नानाची व्यवस्था मागण्यात तर मुळीच नाही. श्रावण ते कोजागरी हा काळ उत्तम. उत्तरार्धात गेल्यास सीताफळे मिळतात. बालाघाटाच्या खडकाळ उतारांवरचे हे फळ प्रसिद्ध असून बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

आता मोटारीविषयी. या बाबतीत आम्ही थोडे सविस्तर लिहिणार आहोत, कारण प्रवासाची गोडी घाटात ठरते असे वाटत असले तरी ती पुष्कळशी घरच्या ओसरीवरच ठरून गेलेली असते.

आम्ही निघणारी माणसे सात: आत्याबाई, आम्ही उभयता, धाकटे बंधू आणि भावजय, सव्वीस वर्षांचा पुतण्या व पुतणी. घरच्या मोटारीत पाचवा बसला की त्याचे गुडघे हनुवटीस लागतात, म्हणून सात जागांची गाडी भाड्याने घ्यावयाचे ठरले. ही वार्ता कळताच ओळखीच्या एका गृहस्थांनी निरोप पाठविला की, त्यांच्या माहितीत कोणाची तरी खाजगी गाडी आहे, दर बाजारभावाच्या निम्मा, कागदपत्रांचा खटाटोप नाही. बंधू मोहात पडले. खरे सांगावयाचे तर आम्हीही पडलो. भावजयीने मात्र एकच प्रश्न विचारला: “दादा, वाटेत काही झालं, तर गाडी कोणाची म्हणून सांगायची?”

या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या पाटीवर असते. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांपुरते बोलावयाचे तर, पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खाजगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे चालकासह भाड्याने मिळणारी. आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे भाड्याने घेऊन स्वतः चालवावयाची. या तिसऱ्या प्रकारास आधार आहे तो १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ७५ व्या कलमाचा. त्या कलमान्वये केंद्र सरकारने १९८९ साली योजना काढली आणि असा धंदा करणाऱ्याजवळ किमान ५० गाड्या असाव्यात अशी अट घातली. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देण्यास मुभा नाही, आणि तिच्या विम्याच्या करारात भाड्याच्या वापरास संरक्षण नसते. सर्व सुरळीत पार पडले तर यातले काहीच कोणाच्या कानी येत नाही. परंतु घाटात गाडी कठड्यास घासली किंवा, ईश्वर न करो, समोरून येणाऱ्यास इजा झाली, तर विमा कंपनी प्रथम हेच विचारते की ही गाडी तुम्हांस कोणत्या नात्याने मिळाली. मग ‘मित्राची आहे’ असे खोटे सांगण्याची पाळी येते. चार हजार रुपये वाचविण्याकरिता घरातल्या मुलांदेखत तसे सांगावे लागणे आम्हांस परवडणारे नव्हते. आम्ही काळ्या पाटीची गाडी घेतली.

गाडी घेताना दिवसाउजेडी घ्यावी आणि घाई करू नये. नोंदणी, विमा, परवाना व धुराचे प्रमाणपत्र यांच्या मुदती पाहाव्या. चारी बाजूंची छायाचित्रे मालकाच्या माणसासमक्ष काढावी; जुना ओरखडा परतल्यावर आपल्या खात्यावर मांडला जाणे ही तक्रार फार ऐकू येते. चार चाकांबरोबर पाचवे, म्हणजे जादा चाक, प्रत्यक्ष बाहेर काढून पाहावे, आणि ते बदलण्याचे सामान आहे की नाही तेही. उभ्या गाडीत ब्रेक दाबून धरावा. पाय हळूहळू आत जाऊ लागला तर ती गाडी घेऊ नये. हातब्रेक चढावर लावून पाहावा. टोलनाक्यावरचे पैसे कोणाच्या खात्यातून जाणार आणि दिवसाला किती किलोमीटर मोकळे आहेत, हे लेखी विचारून घ्यावे. ही कामे अर्ध्या तासाची आहेत.

बैठकीचाही विचार हवा. सात जागांच्या गाडीत तिसरी ओळ उभी केली की सामानास जागा उरत नाही, आणि मग कोणीतरी छतावर पेट्या बांधण्याची युक्ती काढतो. घाटाच्या रस्त्यावर ती युक्ती वाईट. डोक्यावर वजन चढले की गाडी वळणात बाहेरच्या अंगास अधिक कलते, आणि मागे बसलेल्यांच्या पोटात त्याचा हिशेब होतो. आम्ही प्रत्येकी एकच लहान पिशवी असा नियम केला. (आत्याबाईंच्या पूजेच्या डब्याचा अपवाद अर्थातच झाला.) वयोवृद्ध आणि मुले मधल्या ओळीत, तरुण मागे. चौदा वर्षांखालील मुलासही पट्टा किंवा त्याच्या मापाचे आसन सक्तीचे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तसा कायदाच झाला आहे. तेव्हा ‘मांडीवर घेते’ हे वात्सल्य घरी ठेवावे. ज्यांस गाडी लागते त्यांना सकाळी भरपेट पोहे देऊ नयेत, मोबाईलमध्ये डोके घालू देऊ नये, आणि दूरवरच्या डोंगराच्या कडेकडे पाहावयास सांगावे. आवळासुपारी आणि आल्याच्या वड्या हव्यातच.

आता गाडी हाकणार कोण? आमचा पुतण्या शहरात उत्तम गाडी चालवितो, आणि पूर्वी आम्ही तेवढ्यावर संतुष्ट होतो. तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आम्ही याच मंडळींसह अंबाजोगाईस गेलो होतो, तेव्हाची हकीकत सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

त्या खेपेस परतताना आम्ही केजेवरून धारूरला आलो आणि किल्ला पाहून संध्याकाळी तेलगावच्या बाजूस धारूरचा घाट उतरू लागलो. हा घाट अरुंद वळणांकरिता आणि अपघातांकरिता जिल्ह्यात कुविख्यात आहे. उतार लागताच पुतण्याने पेट्रोल वाचेल म्हणून गियर काढून टाकला आणि गाडी नुसत्या ब्रेकवर सोडली. शेजारी बसून आम्ही पाहत होतो. आम्हीही त्यास हटकले नाही, उलट त्याच्या काटकसरीचे कौतुकच केले. चारपाच वळणे झाल्यावर जळक्या रबरासारखा वास येऊ लागला. पुढच्या वळणावर खालून ऊस कारखान्यावर ओतून परतणारा एक ट्रॅक्टर दोन रिकाम्या ट्रॉल्या ओढीत वर येत होता. पुतण्याने ब्रेक दाबला. पाय पार तळाशी गेला आणि गाडी म्हणावी तशी थांबेना. त्याने कसाबसा दुसरा गियर घातला, हातब्रेक ओढला आणि गाडी दरीकडे न नेता डोंगराच्या अंगास नालीत घातली, म्हणून आज हे लिहिता येत आहे.

ट्रॅक्टरवाला खाली उतरला. त्याने न बोलता दोन धोंडे आणून आमच्या चाकांमागे-पुढे लावले, मोटारीच्या पुढच्या चाकाजवळ हात धरून ऊब पाहिली आणि म्हणाला, “साहेब, ज्या गेरात वर चढायचं, त्याच गेरात खाली उतरायचं. आता घंटाभर हलू नका.” आम्ही पाऊण तास कठड्यावर बसून काढला. आत्याबाईंचा जप चालू होता. त्या कोणास एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि त्याचाच पुतण्यास सर्वांत अधिक त्रास झाला.

काय झाले होते ते पुढे समजून घेतले. गाडी गियरमध्ये असली की उतारावर यंत्र स्वतःच चाकांस मागे ओढून धरते. गियर काढला की ती ओढ नाहीशी होते आणि सात माणसांचा व सामानाचा सारा भार एकट्या ब्रेकवर येतो. ब्रेक म्हणजे घर्षण; घर्षणाची उष्णता साठत गेली की पकड सुटते. शिवाय ब्रेकच्या नळ्यांत जे द्रव असते ते हवेतील ओलावा शोषून घेते. द्रव जुने असले आणि ब्रेक फार तापले की त्यास उकळी फुटून नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. उतारावर यंत्रच बंद करणाऱ्यांची गोष्ट तर आणखी भयंकर. ब्रेकला आणि चाकाला मिळणारे यंत्राचे साहाय्यही त्यांनी गमावलेले असते. आपोआप गियर बदलणाऱ्या गाड्या हल्ली भाड्याने पुष्कळ मिळतात. त्यांतही खालचा गियर धरून ठेवण्याची सोय असते, परंतु ती कोठे आहे हे घाटात शोधू नये, गाडी ताब्यात घेतानाच विचारावे. आणि अरुंद घाटात चढणाऱ्यास वाट द्यावयाची व उतरणाऱ्याने थांबावयाचे, असा नियमच आहे. त्या दिवशी रस्ता ट्रॅक्टरवाल्याचा होता. थांबावयास हवे होते आम्ही.

गेल्या वर्षी पुन्हा जावयाचे ठरले तेव्हा आम्ही दोन गोष्टी केल्या. पुतण्यास भरल्या गाडीनिशी दोन सकाळी दिवे घाटात नेले आणि खालच्या गियरात उतरण्याचा सराव करविला. बंधूंनीही तो केला, म्हणजे दर दोन तासांनी हात बदलता यावा. ज्या घरात असा सराव कोणासही नाही त्यांनी पिवळ्या पाटीची, चालकासह असलेली गाडी घ्यावी. त्यात कमीपणा नाही. मात्र त्या माणसास आपल्याबरोबर वेळेवर जेवण आणि निजावयास खाट मिळाली पाहिजे. रात्री त्यास गाडीतच झोपवून सकाळी त्याच्या डोळ्यांवर आपला जीव सोपविणारी सुशिक्षित कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट अशी की, आम्ही प्रवासाचे वर्तुळ उलटे फिरविले. बिकट घाट उतरावयाचा नाही, चढावयाचा. आणि तोही सकाळी. कागदावर हा फरक केवळ बाणाचे टोक फिरविण्याएवढा दिसतो. याखेरीज सूर्याचाही विचार केला. जामखेड ते मांजरसुंबा हा रस्ता सामान्यतः पश्चिम-पूर्व जातो. जाताना तो दुपारनंतर धरला आणि परतताना सकाळी, तर दोन्ही वेळी ऊन पाठीशी राहते आणि हाकणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही.

या हिशेबाने पहिल्या दिवशी पुण्याहून पहाटे निघालो. अहिल्यानगर, आष्टी, जामखेड अशी वाट. बीडपर्यंत एकंदर अंतर पावणेतीनशे किलोमीटरांच्या आतबाहेर. जामखेड सोडल्यावर थोड्याच वेळात सौताडे लागते. तोवर चालत आलेला माळ येथे एकदम तुटतो आणि विंचरणा नदी कड्यावरून खाली दरीत उडी घेते. तळाशी रामेश्वराचे देऊळ आहे. पायऱ्या पुष्कळ आणि पावसात निसरड्या, म्हणून आत्याबाईंनी वरूनच हात जोडले आणि आम्ही खाली जाऊन त्यांच्या वाटचा नमस्कार केला. धबधबा पावसाळ्यापुरता; दिवाळीनंतर येणाऱ्यांस कातळच पाहावा लागेल. पुढे पाटोद्याच्या पठारावर पवनचक्क्या दिसू लागतात. ज्यांस मोरांची हौस असेल त्यांनी नायगावच्या मयूर अभयारण्याची चौकशी करावी; ते १९९४ साली स्थापन झाले असून सकाळसंध्याकाळ मोर दिसण्याचा संभव असतो. आम्हांस मोर दिसला नाही, केका मात्र ऐकू आली.

मांजरसुंब्यास पोचलो तेव्हा ऊन कलले होते. येथील नाक्यावर मालमोटारी, एस.टी. आणि प्रवासी यांची सदैव गर्दी असते. मुलांचा हात सोडू नये. चहा घेऊन लागलीच बीडच्या बाजूचा घाट उतरलो. रस्ता येथे चौपदरी आणि प्रशस्त असल्यामुळे उतार फारसा भासत नाही, आणि म्हणूनच वेग नकळत वाढतो. पुतण्याने घाटाच्या तोंडाशीच तिसरा गियर धरला. मागून दोन गाड्यांनी भोंगे वाजविले, त्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले. खाली पालीजवळ बिंदुसरेच्या पाण्यावर संध्याकाळ उतरली होती. बीडास मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बीडचे कंकालेश्वराचे जुने देऊळ पाहिले. पाण्याने वेढलेले असे हे शिल्पकाम कोणीही चुकवू नये. मग तोच घाट चढून मांजरसुंब्यास आलो आणि तेथून कपिलधारेस गेलो. वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी येथे डोंगराच्या कुशीत आहे आणि जवळच धबधबा. कार्तिकी पौर्णिमेस येथे मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत मोटारीचे नावही काढू नये. इतर वेळी जागा इतकी शांत की आत्याबाई तासभर उठेचनात. दुपारी नेकनूर, केज अशी सरळ वाट धरून दिवस मावळावयाच्या आत अंबाजोगाईस पोचलो.

अंबाजोगाईविषयी आमच्या वाचकांस निराळे काय सांगावे? कित्येक कोकणस्थ घराण्यांची ही कुलस्वामिनी. कोकणची देवी येथे मराठवाड्यात कशी, याची कथा घरोघर सांगतात: परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरले, वऱ्हाड कोकणातून निघाले, परंतु मुहूर्त टळला, वऱ्हाडी जेथल्या तेथे दगड झाले आणि देवी येथेच राहिली. हत्तीखान्याची लेणी पाहताना ही कथा पुतणीस सांगितली, तेव्हा पुतण्या हसून म्हणाला, “म्हणजे जोरात यायला हवं होतं तर!” आत्याबाई ताडकन म्हणाल्या, “जोरात नव्हे रे, लवकर निघायला हवं होतं.” दुसऱ्या दिवशी गाडी बंदच ठेवली. मुकुंदराजांची समाधी, दासोपंतांची समाधी आणि त्यांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिलेल्या पासोडीची कीर्ती, यांकरिता एक दिवस अपुराच पडतो. शिवाय हाकणाऱ्यांस विसावा हवा. दुखल्याखुपल्यास येथे मोठे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही गोष्ट वयोवृद्धांस घेऊन जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रस्त्यात रुग्णवाहिकेकरिता १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरील साहाय्याकरिता १०३३ हे आकडे आम्ही गाडीच्या काचेजवळ लिहून ठेवले होते. घाटात मोबाईल मुका होतो, तेव्हा पत्ते व नकाशा कागदावरही असावा.

चौथ्या दिवशी पहाटे परळीस वैजनाथाचे दर्शन घेतले, सिरसाळ्यावरून तेलगावास आलो आणि नऊच्या सुमारास धारूरच्या घाटास खालून भिडलो. तोच घाट, परंतु चढताना तो निराळाच दिसला. गाडी आपल्या बळाने हळूहळू वर जात होती, वळणे समोरून उलगडत होती, आणि खाली गंगथडीचा सपाट मुलूख पावसाने धुतलेल्या पाटीसारखा पसरला होता. तीन वर्षांपूर्वी आम्ही यातले काहीएक पाहिले नव्हते. जुने नालीचे वळण ओळखू आले तेव्हा पुतण्याने काही न बोलता भोंगा वाजविला. वर किल्ल्यापाशी गाडी उभी केली. आदिलशाही सरदार किश्वरखान याने १५६७ साली बांधलेला हा किल्ला डोंगराच्या टोकाशी असून तिन्ही अंगांस दरी आहे. तटावर गवत कमरेएवढे होते. धारुरास सीताफळे घेतली, झाडाखाली दशम्या आणि धपाटी खाल्ली आणि केजेवरून मांजरसुंबा गाठले.

या रस्त्यांवर एक दृश्य असे आहे की ज्याने आमच्या सहलीचा आनंद थोडा वेळ निमाला. दसरा-दिवाळीनंतर याच बालाघाटातून लाखो माणसे ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात. बायकामुले, भांडीकुंडी, शेळ्या, सारे एका ट्रकात. आम्ही कोजागरीच्या अलीकडे होतो तरी नेकनुरापाशी असा एक ट्रक लवकर निघालेला दिसला. आमच्या पुतणीएवढीच एक मुलगी मागच्या फळीवर रेलून आमच्या गाडीकडे पाहत होती. तिला पट्टा नव्हता. गळिताच्या दिवसांत ऊस भरलेल्या ट्रॉल्या रात्री मागच्या दिव्यावाचून रस्त्यावर असतात आणि शहरची माणसे त्यांस शिव्या देतात; आम्हीही देत होतो. आता अंधार पडल्यावर या भागात गाडी हाकावयाचीच नाही असा आमच्या घरचा नियम आहे, त्यामुळे त्या शिव्यांचा प्रश्न उरत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी, ऊन पाठीशी घेऊन, पाटोद्याच्या वाटेने परतलो. पुण्यास गाडी परत देताना मालकाच्या माणसाने डाव्या दारावरचा एक ओरखडा दाखविला. आम्ही पहिल्या दिवशीचे छायाचित्र दाखविले. त्याने मान हलविली आणि अनामत परत केली. घरी येऊन पिशव्या उघडतो न उघडतो तोच आत्याबाईंनी विचारले की, मांजरसुंब्याहून दक्षिणेस जो रस्ता जात होता, येडशीच्या रामलिंगाकडचा, तो राहिलाच की. पुतण्या नकाशा आणावयास गेला आहे.